ऐंशी जागांची चाळणी

कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयात दरवर्षी सहावीच्या वर्गासाठी ऐंशी मुलामुलींची निवड होते. कोल्हापूर जिल्ह्याचे तालुके बारा. ऐंशीपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे साठ जागा ग्रामीण भागासाठी. साठाला बाराने भागले की सरासरीने तालुक्याच्या वाट्याला पाच जागा येतात. गगनबावड्याच्या डोंगरातील वाडी घ्या, शिरोळच्या ऊसपट्ट्यातील सधन गाव घ्या, चंदगडचे काजूचे रान घ्या की हातकणंगले तालुक्यातील यंत्रमागाचा खडखडाट घ्या. पाचवीत शिकणाऱ्या साऱ्या मुलांमधून तालुक्यामागे पाच! २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या पुढे गेली होती, त्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या बुद्धिमत्तेला सरकारने मोजून दिलेले हे माप आहे. हा भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. तरीही दरवर्षी हजारो पालक आपल्या मुलाला या परीक्षेच्या मांडवाखालून नेतात, वर्ष-दोन वर्षे त्याचे खेळणे बंद करतात, ऐपत नसताना खासगी वर्गाचे शुल्क भरतात आणि निकाल लागला की नशिबाला बोल लावतात. भागाकाराला मात्र कोणी बोल लावत नाही.

निकाल लागला की चौकाचौकांत डिजिटल फलक झळकू लागतात. फलकाच्या मध्यभागी एखाद्या अकॅडमीच्या संचालकांची प्रसन्न छबी असते आणि तिच्याभोवती पासपोर्ट आकारातील चिमुकले चेहरे. ज्या जिल्हा परिषद शाळेने त्या मुलांना पहिलीपासून हाताला धरून अक्षरे गिरवायला शिकवली, पाढे म्हणवून घेतले, तिचे नाव फलकावर शोधूनही सापडत नाही. आणि ज्यांचे चेहरे फलकावर नाहीत, त्यांचे काय? दहा-अकरा वर्षांच्या त्या पोरांना एवढेच कळते की आपले ‘काही झाले नाही’. शाळेच्या परीक्षेत नापास करण्यापूर्वी निदान तो विषय वर्गात शिकवावा लागतो. येथे तीही अट नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. नवोदय विद्यालय ही संस्था टाकाऊ आहे, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक स्वरूपात अशा दोन शाळा निघाल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक जिल्ह्याला अशी एक शाळा देण्याचा संकल्प केला आणि आज देशात साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत. खेड्यातील हुशार मूल केवळ पैशाअभावी चांगल्या शिक्षणाला मुकू नये, हा त्यामागचा हेतू निःसंशय चांगला होता. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा भार सरकार उचलते. केंद्रीय मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालांत ही विद्यालये सातत्याने आघाडीवर असतात. नववीच्या वर्गातील काही विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील नवोदयमध्ये पाठवण्याची तर मोठी सुंदर योजना आहे. कोल्हापूरच्या मातीतला पोरगा वर्षभर हिंदी मुलखात राहतो, तिकडचा मुलगा कागलला येऊन पिठलं-भाकरी खायला शिकतो. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या शंभर व्याख्यानांनी जे साधणार नाही ते अशाने साधते. तेव्हा तक्रार शाळेच्या इमारतीत काय घडते त्याबद्दल नाही. तक्रार तिच्या दाराबद्दल आहे, आणि त्याहून अधिक, त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांना सरकारने काय दिले याबद्दल आहे.

दार कसे आहे ते पाहू. दोन तासांची परीक्षा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमता चाचणीला. उरलेले अंकगणित आणि भाषा यांना प्रत्येकी २० प्रश्न व २५ गुण. म्हणजे निम्मी परीक्षा आकृत्यांची. चार आकृत्यांतून गटात न बसणारी ओळखा, आकृतीची मालिका पुढे न्या, आरशातील प्रतिमा निवडा, कागदाची घडी घालून छिद्र पाडले तर उलगडल्यावर तो कसा दिसेल ते सांगा, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती शोधा. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. या रचनेमागचा विचार वरवर पाहता न्याय्य वाटतो. भाषा आणि पाठांतर यांत शहरी, सुशिक्षित घरातले मूल पुढे असते. आकृत्यांना भाषा लागत नाही, तेव्हा धनगरवाड्यावरचे मूल आणि शाहूपुरीतले मूल एका रांगेत येतील, असा तो विचार.

प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. शाळेच्या क्रमिक पुस्तकात नसलेला, पण ठरावीक साच्याचाच असलेला हा प्रकार सरावाने जितका सुधारतो तितके दुसरे काहीच सुधारत नाही. घडीच्या कागदाचे दोनशे नमुने ज्याने सोडवले आहेत त्याला दोनशे एकावा नमुना पाहताच उत्तर सुचते. ज्याने असा प्रश्न आयुष्यात प्रथमच परीक्षागृहात पाहिला, त्याची पहिली दहा मिनिटे प्रश्न काय विचारतो आहे हे समजण्यात जातात. दोघांच्या बुद्धीत तिळमात्र फरक नसेल. फरक आहे तो सराव प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, आणि गठ्ठा विकत मिळतो. ज्या गोष्टीत पैसा चालू नये म्हणून ही चाचणी आणली, त्याच गोष्टीत तिने पैशाला बसायला पाट दिला. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पूर्वी पाचवी झालेल्या किंवा पुन्हा पाचवीत बसलेल्या मुलाला ती देता येत नाही, असा नियम करावा लागला, यावरूनच पालकांची धाव कोठवर गेली असेल याची कल्पना यावी.

मग अकॅडम्या निघाल्या यात नवल कसले? नवोदय, सैनिकी शाळा, शिष्यवृत्ती या तिन्ही परीक्षांची तयारी एकाच छपराखाली करून देणारे निवासी वर्ग आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा ही देशातील पहिली सैनिकी शाळा, १९६१ ची. कोल्हापूरकरांना तिचे आकर्षण पूर्वापार आहे आणि ते योग्यच आहे. सहावीसाठीच्या तिच्या अखिल भारतीय परीक्षेत १२५ प्रश्न आणि ३०० गुण असतात, त्यांतले निम्मे गुण गणिताचे. सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाने गणितात पक्के असावे याला कोणाची हरकत असणार? हरकत आहे ती नऊ वर्षांच्या मुलाला आईच्या कुशीतून उचलून, पहाटे पाचला उठवून, रात्री दहापर्यंत बहुपर्यायी प्रश्नांचे वर्तुळ काळे करायला बसवणाऱ्या धंद्याला. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गांनी सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि फसव्या जाहिराती करू नयेत, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. कोल्हापुरात दसरा चौकापासून मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत चालत जावे आणि वर पाहावे. सोळा वर्षांखालील मुलांच्या छायाचित्रांचे फलक मोजता मोजता मान अवघडेल. या सूचना जिल्हा शिक्षण कार्यालयांच्या कोणत्या कपाटात आहेत?

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक विसंगती सांगितली पाहिजे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमान्वये शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. पहिल्यांदा पंचवीस हजार रुपये दंड, पुन्हा केल्यास प्रत्येक वेळी पन्नास हजार. एखाद्या खासगी शाळेने सहावीत प्रवेश देताना मुलाला दोन उदाहरणे घातली तर ती दंडास पात्र होते. पण त्याच कायद्याने केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सैनिकी शाळा यांना ‘विनिर्दिष्ट प्रवर्ग’ असे नाव देऊन बाजूला काढले आणि शिक्षण खात्याने त्या सवलतीच्या आधारे निवड परीक्षा चालू ठेवल्या. चाळणी लावणे हे बालकावर अन्याय करणारे आहे, हे तत्त्व जर खरे असेल तर ते सरकारी शाळेच्या दारात येताच खोटे कसे ठरते? आणि तत्त्व खोटे असेल तर इतरांना दंड कशासाठी? दिल्लीतील शिक्षणतज्ज्ञांनी याचे उत्तर द्यायला हवे होते. अर्थात परिसंवादांतून त्यांना सवड मिळेल तेव्हा.

ग्रामीण जागांची कथा आणखी उद्बोधक आहे. ग्रामीण राखीव जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत शिकलेली असली पाहिजेत, अशी अट आहे. अट चोख. पण शहराच्या वेशीवरची गावे आता गावे राहिलेली नाहीत. करवीर तालुक्यातील कितीतरी गावे महापालिकेच्या हद्दीला चिकटून आहेत. तेथे बंगले आहेत, व्यायामशाळा आहेत, इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. आणि महसुली दप्तरात ती अजूनही ‘ग्रामीण’ आहेत. शहरातला व्यवसाय, उपनगरातले घर आणि ग्रामीण शाळेचा दाखला या तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या नावे बिनबोभाट जमून येतात. नाव एका शाळेच्या हजेरीपटावर आणि मूल भलत्याच निवासी वर्गात, ही कुजबुजही ग्रामीण भागात नवी नाही. नियमाच्या चौकटीत सारे बसते. बसत नाही ते फक्त राधानगरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात चार महिने चिखल तुडवत शाळेत येणारे मूल. अधिकृत व्याख्येनुसार तेही ग्रामीण आणि बंगल्यातलेही ग्रामीण. दोघांची स्पर्धा समान पातळीवरची आहे, असे सरकार मानते.

या साऱ्या व्यवहारात ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्या गुरुजींबद्दल आणि बाईंबद्दल चार शब्द लिहिणे कर्तव्य ठरते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत कोल्हापूर जिल्हा वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर राहिला आहे, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने भुदरगड, कागल, राधानगरी यांसारख्या तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांचे आहे. येथील शिक्षक ‘जादा तास’ घेतात. सकाळी शाळा भरण्यापूर्वी, संध्याकाळी सुटल्यावर, रविवारी, दिवाळीच्या सुटीत. त्याचे वेतन नाही, भत्ता नाही. रात्रीच्या अभ्यासिकेला गावातली मंडळी आळीपाळीने डबा आणतात, कोणी दिव्याचे बिल भरतो. मुंबईत बसून ‘सरकारी शिक्षक कामचुकार’ असे अग्रलेख खरडणाऱ्यांनी हे एकदा येऊन पाहावे. वर या शिक्षकांच्या गळ्यात मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब, रोज नवा अर्ज मागणारे पोर्टल या माळा आहेतच.

पण येथेही स्पष्ट बोलणे भाग आहे. याच तपश्चर्येला चाळणीची कीड लागली आहे. तालुक्याच्या बैठकीत साहेब विचारतात ते एकच, ‘तुमची किती मुले यादीत?’ वर्गातील पटावरच्या तिसांपैकी सर्वांना भागाकार येतो का, हे विचारले जात नाही. मग जादा तास तिसांचा राहत नाही. चुणचुणीत पाच-सातांचा होतो. उरलेली तेवीस-पंचवीस मुले मैदानात असतात किंवा मागच्या बाकावर. शिक्षकाचा दोष म्हणावा तर त्याचे गुणांकन त्या पाचांवरच अवलंबून. म्हणजे चाळणी नवोदयच्या दारात लागते असे समजण्याचे कारण नाही. ती तिसरीच्या वर्गात लागलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला आपण ‘त्या’ गटात नाही हे कळते आणि ते मूल त्या दिवसापासून मनाने शाळेबाहेर जाते. हजेरीपटावर ते आणखी काही वर्षे दिसते, इतकेच.

शासनाच्या धरसोडीने यात भर घातली. १९५४-५५ पासून चालत आलेली चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली. शिक्षण हक्क कायद्यातील स्तररचनेशी ती जुळवायची म्हणून. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीचा वर्ग हायस्कुलात. परिणामी ज्या शाळा ही परीक्षा हा आपला मानबिंदू मानत होत्या, त्यांच्या हातून ती निसटली. परीक्षार्थींची संख्या रोडावली. अखेर २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय केला. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र मधल्या नऊ वर्षांत चौथीच्या गुरुजींच्या हातून गेलेले जादा तास खासगी वर्गांनी बळकावले. ते परत कसे आणणार, याचे उत्तर शासन निर्णयात नाही.

निवडक शाळा आणि त्यांची प्रवेश परीक्षा ही कल्पना आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. जेथून आपण बहुतेक शैक्षणिक कल्पना उसन्या घेतो त्या इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांची वाटणी करण्याची पद्धत रूढ झाली. ‘इलेव्हन प्लस’ तिचे नाव. उत्तीर्ण झालेल्यांना ग्रामर स्कूल, म्हणजे पुढे विद्यापीठ, प्रतिष्ठा, पांढरपेशा नोकरी. बाकीच्या बहुसंख्य मुलांना दुय्यम शाळा आणि पंधराव्या वर्षी कारखाना. बुद्धी जन्मजात असते आणि अकराव्या वर्षी ती अचूक मोजता येते, या गृहीतकावर हा डोलारा उभा होता. त्याचे एक मोठे समर्थक मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट. १९७१ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या जुळ्या भावंडांवरील संशोधनातील आकडेच संशयास्पद असल्याचे उघडकीस आले. पण इंग्रज त्याआधीच शहाणा झाला होता. १९६५ मध्ये तेथील सरकारने स्थानिक शिक्षण संस्थांना ही विभागणी मोडीत काढण्याची सूचना केली. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर स्कूल काढण्यास बंदी आली. २०१६ मध्ये थेरेसा मे यांनी ती पुन्हा काढण्याचा मनोदय जाहीर केला आणि २०१७ च्या निवडणुकीनंतर गुंडाळून ठेवला. आज इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा उरल्या आहेत. गरीब घरांतील मुलांचे प्रमाण त्यांत अत्यल्प आहे, कारण तेथेही परीक्षेच्या आधी शिकवणी लावणाऱ्यांचेच फावते. केंटच्या गोऱ्या पालकाला जे कळून चुकले ते कागलच्या पालकाला कळू नये म्हणून आपली व्यवस्था फार काळजी घेते.

आणि कोल्हापूरला हे लंडनकडून शिकण्याची गरज तरी काय? राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहांची मालिकाच या शहरात उभी राहिली. खेड्यातला पोरगा शिकायला आला तर त्याला डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी मिळाली पाहिजे, एवढा साधा हिशेब महाराजांचा होता. महाराजांनी हा हिशेब घडीच्या कागदातील छिद्रे मोजून केला नाही. पुढे १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी महाराजांवरही टीका झालीच. एवढा पैसा प्राथमिक शाळांवर उधळण्यापेक्षा मोजक्या हुशारांच्या उच्च शिक्षणावर का खर्च करत नाही, असा सूर लावणारे होते. महाराजांनी तो मानला नाही. आजचे राज्यकर्ते व्यासपीठावर शाहूंच्या तसबिरीला हार घालतात आणि फाइलीवर सही करतात ती मात्र त्या टीकाकारांच्या बाजूने.

हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या एका मुलाची गोष्ट तर या संदर्भात प्रत्येक पालकाने मुलाला सांगावी. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून तो राजाराम हायस्कूलमध्ये शिकला. अभ्यासापेक्षा कुस्तीत आणि खोड्यांत त्याचे लक्ष अधिक. मॅट्रिकपर्यंतही गाडी पोहोचली नाही. कोणत्याही निवड परीक्षेने त्याला अकराव्या वर्षी दारातूनच परत पाठवले असते. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले, ‘कमवा आणि शिका’ या मंत्राने लाखो खेडूत पोरे शिकवली. माणसाच्या अंगी असलेली जिद्द, कणव, संघटनशक्ती, नेतृत्व मोजणारी आकृती अजून कोणत्याही प्रश्नपत्रिकेत छापली गेलेली नाही.

यावर एक प्रतिवाद हमखास होतो आणि तो प्रामाणिकही असतो. सर्वांना सारखेच शिकवायचे तर प्रज्ञावंत मुलांचे काय? त्यांची वाढ खुंटवायची का? मुळीच नाही. प्रज्ञावंतांची निवड करून त्यांना वेगळे शिक्षण देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करून केला. तेथेही प्रवेशासाठी चाचणी आहे, आणि ती देण्यासाठी झुंबड उडते. परंतु तेथे निवड हा प्रवासाचा आरंभ मानला गेला. निवडलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून ग्रामीण भागात नेणे, समाजाची दुःखे दाखवणे, ‘तुझी बुद्धी तुझ्या एकट्याची नाही’ हे त्याच्या मनावर बिंबवणे, हा त्या प्रयोगाचा गाभा. नवोदयचे मूल वर्षाकाठी जिल्ह्यातल्या करदात्याच्या पैशावर शिकते. त्याला आपण ज्या शाळेतून आलो त्या शाळेकडे, मागे राहिलेल्या त्या पंचवीस सोबत्यांकडे वळून पाहायला कोणी सांगते का? मूळ योजनेत नवोदय विद्यालयाने परिसरातील शाळांना दिशा देणारे केंद्र व्हावे अशी अपेक्षा होती. कागलच्या विद्यालयाची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतील मुलांसाठी महिन्यातून दोन दिवस उघडले, तर त्या अपेक्षेला थोडा तरी अर्थ येईल.

भाषेचा मुद्दाही डोळ्यांआड करता येत नाही. परीक्षा मराठीतून देता येते. आठवीपर्यंतचे माध्यम मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा असावे असे धोरण सांगते. त्यानंतर गणित-विज्ञानासाठी इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रांसाठी हिंदी. हिंदी राष्ट्राला जोडणारी म्हणून तिचे स्वागतच आहे. मात्र ज्ञानविज्ञानाची उंच फांदी आली की मराठीने खाली उतरावे, हा संकेत मुलाच्या मनावर काय परिणाम करतो? ज्या भाषेने त्याला दारातून आत आणले तिच्याचबद्दल त्याला चौदाव्या वर्षी कमीपणा वाटू लागतो. कोल्हापुरातल्या पालकांनी तर हा संकेत फार लवकर ओळखला. नवोदयचा अर्ज मराठी शाळेतून भरायचा आणि धाकट्याला मात्र बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात घालायचे, असा दुहेरी खेळ कितीतरी घरांतून चालतो. मग मराठी शाळेचा पट घसरतो, पट घसरला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की एका शिक्षकावर चार इयत्ता येतात, आणि चार इयत्ता एका शिक्षकावर आल्या की पालक म्हणतात, बघा, सरकारी शाळेत काही शिकवत नाहीत!

तेव्हा मागणी कोणती करायची? नवोदय बंद करा, ही मागणी आततायी ठरेल. जी मुले आज तेथे शिकत आहेत त्यांच्यात खरोखर गरजू मुलेही आहेत. प्रत्येक तालुक्यात, निदान गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, आजरा अशा डोंगरी तालुक्यांत, जिल्हा परिषदेचे एक सुसज्ज निवासी विद्यालय उभे राहणे शक्य आहे. साखर कारखाने, दूध संघ, देवस्थाने, बँका यांच्या बाबतीत हा जिल्हा काही दरिद्री नाही. शाहू महाराजांना संस्थानच्या तिजोरीतून जे जमले ते सहकाराच्या या पंढरीला जमत नाही, असे कोण म्हणेल? तेथील प्रवेश अंतरावर आणि गरजेवर ठरवावा. दुसरे, मानसिक क्षमतेच्या आकृत्या सर्व जिल्हा परिषद शाळांतून तिसरीपासून प्रत्येक मुलाला, तिसांच्या तिसांना, आठवड्यातून एक तास शिकवाव्यात. खर्च एका पुस्तिकेचा. निम्म्या अकॅडम्यांचे भांडवल त्या एका पुस्तिकेने संपेल. तिसरे, शिष्यवृत्तीच्या बैठकीत यादीतल्या मुलांबरोबरच यादीबाहेरच्या मुलांची प्रगतीही साहेबांनी विचारावी.

आणि चौथी गोष्ट तर आजच्या आज करता येण्यासारखी आहे. नवोदयच्या अर्जासोबत मुलाने तिसरी, चौथी, पाचवी कोणत्या शाळेत केली याचे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र लागते. त्याच प्रमाणपत्रात आणखी एक ओळ वाढवावी, ती म्हणजे मूल या काळात कोणत्या खासगी निवासी वर्गात होते आणि किती महिने. निवड यादीबरोबर ही माहिती, नावे वगळून, तालुकावार प्रसिद्ध करावी. बारा तालुक्यांचे बारा आकडे. ते पाहिल्यावर कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत काय बोलायचे ते ठरवावे.